अन्नब्रह्माचे उपासक : शांतिब्रह्म श्रीसंत एकनाथ महाराज

भारतीय संस्कृतीने अन्नाला ब्रह्म मानले आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाची निंदा करू नये, अन्न टाकू नये, अन्न वाढवावे अशी व्रते सांगितली असून, वसतीला आलेल्या कोणालाही परत पाठवू नये व त्याकरिता गृहस्थाने अन्नाचा संग्रह करून ठेवावा, असेही सांगितले आहे. हे व्रत उच्चारण्यास सोपे, परंतु आचरणास अवघड आहे. आमंत्रण देऊन बोलाविलेल्या पाहुण्याला जेवू घालणे हा शिष्टाचार झाला. घरातील माणसांपुरता भात चुलीवरून उतरलेला आहे, पाने घेतलेली आहेत आणि अशा वेळी न कळविता कोणी दारात येऊन उभे राहिले, तर त्या क्षणी गृहस्थाश्रमाची खरी परीक्षा होते. पैठणचे थोर संत श्री एकनाथ महाराज यांनी ही परीक्षा एकदा नव्हे, तर आयुष्यभर दिली. महाराजांचे तत्त्वज्ञान, ग्रंथरचना व समाजकार्य यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या ठिकाणी त्यांचे चरित्र त्यांच्या घरच्या पंगतीच्या निमित्ताने भाविकांपुढे ठेवले आहे.

कुळ आणि बालपण

गोदावरीच्या तीरावरील श्रीक्षेत्र पैठण हे प्राचीन प्रतिष्ठान नगर होय. सातवाहन राजांची ही राजधानी. पुढे विद्येचे माहेरघर म्हणून या नगरीची ख्याती झाली व तिला दक्षिण काशी म्हटले जाऊ लागले. याच नगरीत संत भानुदास महाराजांचे घराणे नांदत होते. विजयनगरास नेलेली श्रीविठ्ठलाची मूर्ती भानुदासांनी पंढरपुरास परत आणली, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे. भानुदासांचे पुत्र चक्रपाणी, चक्रपाणींचे पुत्र सूर्यनारायण आणि सूर्यनारायण व रुक्मिणीबाई यांचे पुत्र एकनाथ होत. त्यांचा जन्म शके १४५५ म्हणजे इ.स. १५३३ च्या सुमारास झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

एकनाथांना मातापित्यांचे सुख लाभले नाही. दोघेही त्यांच्या बाळपणीच निवर्तले. आजोबा चक्रपाणी व आजी सरस्वतीबाई यांनी नातवाचा सांभाळ केला. ज्याचे आईवडील लहानपणीच गेले, त्याला दुसऱ्याच्या हातच्या घासाचे मोल लवकर कळते. नाथांच्या पुढील आयुष्यात अनाथ मुले, दीनदुबळे व वाटसरू यांना जे स्थान मिळाले, त्याची मुळे या बालपणात असावीत असे वाटते.

देवगिरीची गुरुसेवा

बालवयातच ईश्वरप्राप्तीची ओढ लागल्याने एकनाथ घर सोडून देवगिरी किल्ल्यावर श्री जनार्दनस्वामींच्या चरणी गेले. जनार्दनस्वामी हे दत्तभक्त होते आणि त्याच वेळी किल्ल्याचे कारभारीही होते. राज्यकारभार व परमार्थ एकाच देहात कसा नांदतो, हे एकनाथांनी तेथे जवळून पाहिले. गुरूंनी त्यांच्याकडे हिशेबाचे काम सोपविले होते. एकदा एका पैची चूक सापडेना म्हणून ते रात्रभर वह्या चाळीत बसले आणि पहाटे चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवून हसू लागले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. जेवढी एकाग्रता एका पैसाठी लाविली, तेवढीच ती ईश्वराकडे लावावी, असा बोध जनार्दनस्वामींनी त्या वेळी केला.

याच काळातील आणखी एक कथा अन्नाशी निगडित आहे. जनार्दनस्वामींना श्रीदत्तात्रेयांचे दर्शन मलंग फकिराच्या वेषात होत असे. एकदा रानात ते असेच आले. त्यांच्यासोबत एक कुत्री होती. त्यांनी मातीच्या पात्रात दूध काढून त्यात भाकरीचे तुकडे कुस्करले आणि गुरुशिष्य एकाच पात्रात जेवू लागले. तरुण एकनाथ हे दृश्य पाहून प्रथम संकोचले. पुढे ते पात्र धुवून आणण्यास सांगितले, तेव्हा मात्र त्यांनी ते धुतलेले पाणी प्रसाद म्हणून प्राशन केले, असे चरित्रकार सांगतात. देव कोणत्या वेषात व कोणाच्या सोबत जेवावयास येईल, हे आधी ठरविता येत नाही, हा धडा नाथांना तेथे मिळाला. हा धडा त्यांनी पुढे आपल्या घरी गिरविला.

पैठणचा प्रपंच

शूलभंजन पर्वतावरील साधना व तीर्थयात्रा आटोपून एकनाथ महाराज गुरूंच्या आज्ञेने पैठणास परतले व गृहस्थाश्रमी झाले. त्यांच्या धर्मपत्नी गिरिजाबाई या नाथांच्या चरित्रात केवळ नावापुरत्या नाहीत. नाथांचे अन्नव्रत ज्या चुलीवर पार पडले, ती चूल गिरिजाबाईंची होती. घरात उद्धव नावाचा एकनिष्ठ सेवकही होता. पाणी, सर्पण, धान्य निवडणे, पाने मांडणे अशा कामांत त्याचा मोठा हातभार असे.

नाथांचा दिनक्रम परंपरेने सांगितला जातो, तो असा. पहाटे उठून गोदास्नान, देवपूजा, ग्रंथाचे वाचन व निरूपण, दुपारी अतिथींसह भोजन, पुढे पुराण आणि रात्री हरिकीर्तन. या दिनक्रमात अतिथींसह भोजन हा अपवादाचा प्रसंग नव्हता, तर स्नान व पूजेप्रमाणेच नित्यकर्माचा भाग होता. कीर्तनास आलेले श्रोते, गोदास्नानास आलेले यात्रेकरू, काशीकडे अथवा रामेश्वराकडे निघालेले वाटसरू, यांपैकी कोण किती वेळी येईल याचा नेम नसे. महाराष्ट्रातील कोणत्याही गृहिणीस याचा अर्थ सांगावा लागणार नाही. ऐन वेळी माणूस वाढले की आमटीत आधणाचे पाणी पडते, पिठल्यासाठी आणखी मूठभर पीठ निघते, ताकाने भाताचा घास लांबतो, घरची माणसे मागल्या पंगतीला बसतात आणि सर्वांत शेवटी जेवणारी बाई आपल्या वाट्याची भाकरी न बोलता पुढे सरकविते. पाहुण्यास यातले काही कळू द्यावयाचे नाही, ही आपल्याकडील रीत. अन्नदानाचे पुण्य यजमानाच्या नावावर जमा होते, पण त्याचा भार प्रथम स्वयंपाकघर उचलते. नाथचरित्र वाचताना भाविकांनी हे ध्यानात ठेवावे, म्हणजे गिरिजाबाईंचा अधिकार किती मोठा होता हे लक्षात येईल.

पावसाळ्यातील एक रात्र

श्री संत महिपती महाराज ताहराबादकर (१७१५–१७९०) यांनी आपल्या भक्तिपर चरित्रग्रंथांतून, विशेषतः भक्तलीलामृतात, नाथांचे चरित्र विस्ताराने सांगितले आहे. त्यातील व परंपरेतील अनेक प्रसंग आतिथ्याचेच आहेत.

पावसाळ्याचे दिवस होते. अनेक दिवस झड लागून राहिली होती. अशा एका रात्री, सर्वांची जेवणे होऊन घर निजले असता, चार ब्राह्मण चिंब भिजून नाथांच्या दारी आले. ते उपाशी होते आणि थंडीने कुडकुडत होते. घरात धान्य होते, परंतु सर्पण पार भिजले होते. ओल्या लाकडांवर स्वयंपाक होणे शक्य नव्हते आणि अशा रात्री कोरडे सर्पण बाहेरून मिळणेही शक्य नव्हते. पाहुण्यांना सकाळपर्यंत थांबण्यास सांगितले असते, तरी कोणी दोष दिला नसता. परंतु नाथांनी स्वतःच्या निजण्याचा पलंग मोडून त्याची लाकडे चुलीला दिली. त्यावर पाहुण्यांसाठी शेकोटी झाली, पाणी तापले आणि गिरिजाबाईंनी त्या अपरात्री गरम अन्न रांधून त्यांना वाढले, असे सांगतात.

या कथेत दैवी चमत्कार मुळीच नाही. कोरडे लाकूड घरात कोठे आहे, एवढाच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर यजमानाच्या पाठीखाली होते. पाहुण्यासाठी काय उरले आहे, हे पाहण्याऐवजी आपल्या उपयोगातले काय देता येईल, हे नाथांनी पाहिले. म्हणूनच ही कथा भाविकांच्या मनात इतकी घर करून राहिली आहे.

श्राद्धाचा स्वयंपाक

नाथांच्या आतिथ्याची सर्वांत कठीण परीक्षा त्यांच्या पितरांच्या श्राद्धदिनी झाली. घरात ब्राह्मणभोजनासाठी स्वयंपाक सिद्ध झाला होता. पक्वान्नांचा सुवास रस्त्यापर्यंत दरवळत होता. त्याच वेळी, त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील एक कुटुंब घरावरून चालले होते. त्या सुवासाने लहान मुलास भूक लागली व तो आईजवळ ते अन्न मागू लागला. असे अन्न आपल्या नशिबी नाही, अशी आईने त्याची समजूत घातली. ते शब्द नाथांच्या कानी पडले आणि त्यांचे अंतःकरण द्रवले. त्यांनी त्या कुटुंबास घरी बोलाविले. गिरिजाबाईंनीही मागेपुढे न पाहता श्राद्धासाठी केलेले अन्न त्यांना पोटभर वाढले. एवढेच नव्हे, तर त्यांच्या इतर आप्तेष्टांनाही बोलावून जेवू घालावे, असे गिरिजाबाईंनीच सुचविले, अशी कथा आहे.

अन्न संपले. श्राद्धाचे ब्राह्मण अद्याप यावयाचे होते. गिरिजाबाईंनी भांडी घासली, घर सारविले, पुन्हा स्नान केले आणि चूल पेटवून सगळा स्वयंपाक आरंभापासून केला. परंतु आमंत्रित ब्राह्मणांनी या घरी जेवण्यास नकार दिला व नाथांना दोष दिला. भुकेलेल्यास अन्न दिले, हा त्यांच्या मते अपराध ठरला. पाने मांडलेली आहेत, अन्न तयार आहे आणि जेवावयास कोणी नाही, असा तो विपरीत प्रसंग होता. तेव्हा नाथांनी पितरांनाच आवाहन केले व प्रत्यक्ष पितर येऊन त्या पंगतीत जेवले, असे परंपरा सांगते.

पितर तृप्त झाले, ही श्रद्धेची बाजू झाली. व्यवहाराची बाजू अशी की या प्रसंगामुळे नाथांना आपल्याच नगरीतील लोकांचा रोष सोसावा लागला. पुढे अशाच एका दांपत्याने प्रेमाने बोलाविले असता नाथ त्यांच्या घरी जेवावयास गेले, त्याबद्दलही त्यांना बोल लागला. वाढणे सोपे असते, परंतु ज्याला आपण वाढले त्याच्या घरचा घास आनंदाने घेणे, हे त्या काळी फार कठीण होते. नाथांनी दोन्ही केले. सोळाव्या शतकातील पैठणासारख्या कर्मठ नगरीत राहून, कोणाशी भांडण न करता व कोणाविषयी मनात अढी न ठेवता, त्यांनी हे आचरण केले. म्हणूनच त्यांना शांतिब्रह्म ही पदवी शोभते.

पंगतीतील परीक्षा

नाथांच्या शांतीची परीक्षा पाहण्यासाठी काही टवाळांनी एका गरजू ब्राह्मणास हाताशी धरले. त्यास मुलाच्या मुंजीसाठी पैसे हवे होते. नाथांना राग आणून दाखविल्यास दोनशे रुपये देऊ, असे त्याला सांगण्यात आले. तो पादत्राणांसह थेट देवघरात शिरला व पूजेस बसलेल्या नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथांनी त्याच्या या जवळिकीचे कौतुकच केले आणि त्यास भोजनास ठेवून घेतले. पंगतीत गिरिजाबाई वाकून वाढत असता तो त्यांच्या पाठीवर चढला. पाहुणा पडेल, त्याला सांभाळावे, असे नाथांनी पत्नीस सुचविले. मुलाला पाठीवर घेऊन घरकाम करण्याची सवय असल्याने पाहुण्यास पडू देणार नाही, अशा अर्थाचे उत्तर गिरिजाबाईंनी शांतपणे दिले. तो ब्राह्मण खजील झाला व त्याने खरा प्रकार सांगितला. त्यावर, आधी कळले असते तर रागावून दाखविले असते व त्याचे काम झाले असते, अशी हळहळ नाथांनी व्यक्त केली आणि मुंजीच्या खर्चाची सोय आपणच केली, असे सांगतात.

न बोलाविता आलेला पाहुणा नेहमीच नम्र व कृतज्ञ असतो असे नाही. तो उर्मट असू शकतो, परीक्षा पाहणारा असू शकतो, चोरही असू शकतो. नाथांच्या घरी कीर्तनाच्या निमित्ताने चोर शिरले, तेव्हा त्यांनाही उपाशी जाऊ दिले नाही, अशी कथा आहे. पाहुण्याची योग्यता पारखून मग पान वाढावे, अशी प्रथा त्या घरात नव्हती.

श्रीखंड्या आणि गावबा

नाथांच्या घरात येऊन राहिलेल्यांपैकी दोघांची आठवण भाविक विशेष प्रेमाने काढतात. पहिला श्रीखंड्या. सेवेसाठी ठेवून घ्यावे म्हणून आलेल्या या तरुणाने बारा वर्षे नाथांच्या घरी कावडीने पाणी वाहिले, गंध उगाळले व पडेल ते काम केले. पुढे भगवंताच्या शोधात द्वारकेहून आलेल्या एका भक्तामुळे श्रीखंड्या म्हणजे प्रत्यक्ष श्रीकृष्ण होते, हे उघड झाले. तोवर श्रीखंड्या अदृश्य झाले होते. ज्या रांजणात त्यांनी पाणी भरले, तो रांजण पैठण येथील नाथांच्या वाड्यात आजही भाविकांना दाखविला जातो आणि नाथषष्ठीच्या सुमारास त्यात पाणी घालण्यासाठी भाविकांची गर्दी होते.

दुसरा गावबा. हा मुलगा पुरणपोळीसाठी हट्ट धरीत असे. घरच्या गरिबीत रोज पुरणपोळी कोठून येणार? नाथांच्या घरी रोज पक्वान्न होते, असे कळल्यावर आईने त्यास नाथांकडे आणून सोडले. नाथांनी त्यास ठेवून घेतले आणि गिरिजाबाईंनी त्यास पुरणपोळी खाऊ घातली. या मुलास अभ्यासात गती नव्हती. नाम म्हणून त्याच्या मुखी नाथांचेच नाव बसले. भोजनाच्या लोभाने आलेले हे पोर एक खाणारे तोंड म्हणून कोणीही परत पाठविले असते. परंतु नाथांनी भावार्थ रामायण युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत आणून देह ठेवला, तेव्हा पुढील ग्रंथ याच गावबाने पूर्ण केला, अशी परंपरा आहे. पंगतीत वाढलेल्या एका जादा पानाचे फळ पुढे कोणत्या रूपाने येईल, हे वाढणाऱ्यास कधीच ठाऊक नसते.

एक पान, सहस्र पाने

नाथांना दोन कन्या व हरिपंडित नावाचा पुत्र होता. प्रसिद्ध कवी मुक्तेश्वर हे नाथांचे दौहित्र होत. हरिपंडित विद्वान होते, परंतु त्यांची वृत्ती कर्मठ होती. वडिलांनी प्राकृतात प्रवचन करावे, सर्व जातींच्या लोकांत मिसळावे, कोणाकडेही जेवावे, हे त्यांना मानवत नसे. या मतभेदामुळे ते घर सोडून काशीस गेले. ज्या घराचे दार कोणासही बंद नव्हते, त्या घरातून पोटचा मुलगाच निघून गेला, हे दुःख नाथांनी व गिरिजाबाईंनी सोसले. पुढे नाथ स्वतः काशीस गेले व पुत्राची समजूत घालून त्यास परत आणले. परान्न घ्यावयाचे नाही व संस्कृतातच प्रवचन करावयाचे, अशा पुत्राच्या अटी त्यांनी मान्य केल्या. परिणाम असा झाला की सामान्य श्रोते हळूहळू येईनासे झाले.

अशात एक वृद्ध विधवा नाथांकडे आली. पती हयात असताना तिने सहस्रभोजनाचा संकल्प केला होता. पुढे पती गेला व दारिद्र्य आले. हजार पाने वाढण्याची ऐपत उरली नाही. एकट्या नाथांना जेवू घातल्यास संकल्प पुरा होईल, असे तिला सांगण्यात आले होते. एका बाजूस पुत्राला दिलेले वचन व दुसऱ्या बाजूस म्हातारीचा अपुरा संकल्प, असा पेच पडला. नाथांनी आमंत्रण स्वीकारले आणि त्या घरी स्वयंपाक हरिपंडितांनीच करावा, असे ठरले. त्याप्रमाणे हरिपंडितांनी स्वतः स्वयंपाक केला व वडिलांना वाढले. जेवण झाल्यावर हरिपंडित पत्रावळ उचलू लागले, तो तिच्या जागी दुसरी पत्रावळ दिसली. ती उचलली, तो तिसरी. अशा हजार पत्रावळी उचलाव्या लागल्या, तेव्हा हरिपंडितांचा अभिमान गळाला आणि त्यांनी पित्याच्या चरणी लोळण घेतली, अशी ही कथा आहे. त्यानंतर नाथांची प्राकृत प्रवचने पूर्ववत सुरू झाली आणि वाड्यात पुन्हा श्रोत्यांची दाटी होऊ लागली.

या कथेत म्हातारीच्या घरचे धान्य वाढले नाही. एका माणसापुरतेच अन्न शिजले होते. परंतु ज्याने आयुष्यभर हजारोंना आपल्या पंगतीत घेतले, त्याच्या मुखात पडलेला घास हजारांच्या मुखी पोहोचला. ऐपत नसलेल्या दात्यालाही नाथांनी सहस्रभोजनाचे पुण्य मिळवून दिले. मोठी देणगी देऊ न शकणाऱ्या भाविकाने ही कथा मनाशी जपून ठेवावी.

ग्रंथकार्य

अखंड अन्नदान चाललेल्या या घरातच नाथांची प्रचंड ग्रंथनिर्मिती झाली. चतुःश्लोकी भागवतावरील टीका, इ.स. १५७१ मधील रुक्मिणी स्वयंवर आणि भागवताच्या एकादश स्कंधावरील एकनाथी भागवत हे त्यांचे प्रसिद्ध ग्रंथ होत. एकनाथी भागवतात एकतीस अध्याय व अठरा हजारांहून अधिक ओव्या असून तो ग्रंथ शके १४९५ म्हणजे इ.स. १५७३ मध्ये काशीक्षेत्री पूर्ण झाला. श्री ज्ञानेश्वर महाराजांच्या ज्ञानेश्वरीत काळाच्या ओघात पाठभेद शिरले होते. अनेक प्रती पडताळून नाथांनी शके १५०६ म्हणजे इ.स. १५८४ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. हे महाराष्ट्रावरील त्यांचे थोर उपकार होत. यांखेरीज त्यांनी भारुडे रचली. वासुदेव, गोंधळी, जोशी, भुत्या अशा रस्त्यावरच्या माणसांची सोंगे घेऊन त्यांनी वेदान्त लोकांच्या अंगणात आणला. ज्ञान असो वा अन्न, ते मोजक्यांपुरते राखून ठेवावयाचे नाही, हे एकच सूत्र त्यांच्या ग्रंथांत व घरात दिसते.

समाधी व नाथषष्ठी

इ.स. १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीस श्री एकनाथ महाराजांनी गोदावरीच्या पात्रात जलसमाधी घेतली. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी यांची जन्मतिथी व पुण्यतिथीही हीच, असे परंपरा मानते. ही तिथी नाथषष्ठी म्हणून प्रसिद्ध असून षष्ठी ते अष्टमी असे तीन दिवस पैठण येथे मोठी यात्रा भरते. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून दिंड्या येतात व अष्टमीस काल्याने उत्सवाची सांगता होते. काल्याचा प्रसाद एकाच हंडीतून सर्वांच्या हाती जातो. नाथांच्या उत्सवाची याहून योग्य सांगता दुसरी असू शकत नाही.

छत्रपती संभाजीनगरपासून पैठण सुमारे ५० किलोमीटरवर आहे. गावातील नाथांचा वाडा म्हणजेच आतील नाथमंदिर व गोदातीरावरील समाधिमंदिर ही दोन्ही स्थाने भाविकांनी अवश्य पाहावीत. जायकवाडी येथील धरण इ.स. १९७६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या विशाल जलाशयास नाथसागर हे नाव देऊन महाराष्ट्राने नाथांचे स्मरण राखले आहे. ज्यांच्या दारातून कोणी तहानलेला वा भुकेला परत गेला नाही, त्यांचे नाव मराठवाड्याची तहान भागविणाऱ्या पाण्यास मिळाले, हे सर्वथा उचित झाले.

भाविकांस विनंती

आज ठिकठिकाणच्या देवस्थानांत अन्नछत्रे चालतात. तेथे येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूस त्याचे नाव, गाव वा जात न विचारता प्रसाद मिळतो. ही रीत नाथांसारख्या संतांनी आपल्या घरात रुजविली. अन्नछत्रात बसताना भाविकांनी पानात हवे तेवढेच घ्यावे, घेतलेले टाकू नये आणि उशिरा आलेल्यास सरकून जागा द्यावी. अन्नदानासाठी यथाशक्ति साहाय्य करणाऱ्या दात्यांनी आपल्या द्रव्याबरोबर स्वयंपाकघरात राबणाऱ्या हातांचेही स्मरण ठेवावे, कारण गिरिजाबाईंवाचून नाथांचे व्रत सिद्धीस गेले नसते. आणि यात्रेहून घरी परतल्यावर, एखाद्या रात्री सर्वांची जेवणे आटोपली असता दाराची कडी वाजली, तर कपाळाला आठी न घालता पुन्हा एकदा आधण ठेवावे.

॥ शांतिब्रह्म श्री संत एकनाथ महाराज की जय ॥